नातीची झोप आणि माझी कंडक्टरी

पेडणे-पणजी मार्गावर खासगी बसमध्ये मी उभं आयुष्य कंडक्टरी केली. त्यामुळे झोपेबद्दल मला कुणी शिकवू नये. तरी माझ्या लेकीने शिकवलंच! बाळंतपणाची रजा संपून ती पणजीच्या ऑफिसात निघाली होती. पहिला दिवस म्हणून अर्धाच. जावई बोटीवर, बायको वाळपईला बहिणीकडे बारशाला. उरलो मी आणि सात महिन्यांची नात. लेकीने फ्रिजवर कागद चिकटवला होता: जांभई, डोळे चोळणं, कान ओढणं, यातलं काही दिसलं की निजवायचं.

"बाबा, तिका हसवू नकात. आज ती तुमच्याकडे निजली नाय, तर मी नोकरी सोडतंय," असं बजावून ती गेली.

आता नात समोर आणि हसवायचं नाही? जमण्यासारखं होतं का ते! मी तोंडाने हॉर्न वाजवला, शिटी मारली, 'चला, पुढे सरका' करून दाखवलं. ती खिदळली, मीही खिदळलो. मग बाईसाहेबांनी जांभई दिली. कागदाप्रमाणे मी तिला पाळण्यात ठेवलं आणि तिने असा काही सूर लावला, की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

जांभईपर्यंत थांबलो तिथेच चुकलो होतो. बसमध्येसुद्धा जांभया देणारा कुरकुरत जागाच राहतो. खरा झोपणारा आधी बाहेर बघायचा थांबतो. म्हणजे डोळे खिडकीबाहेरच असतात, पण कोलवाळचा पूल कधी गेला त्याचा त्याला पत्ता नसतो. तिकिटाचं तेव्हाच विचारून घ्यायचं, नंतर त्याची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर.

तिला उचलून अंगणात आलो. माडावर कावळा होता. त्याला बघून ती पाय झाडायला लागली. मी एक अक्षर बोललो नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. थोड्या वेळाने कावळा उडाला. हिची नजर मात्र माडावरच.

लागली, झोप लागली! पाच-सहा पावलं टाकली असतील, तिची मूठ सुटली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. शिटी मारावीशी वाटली, शेजारणीला हाक मारावीशी वाटली. शेवटी ओठ घट्ट मिटून, टाचा न आपटता, अंगणात एकटाच नाचलो.

नाचता नाचताच डोळे भरून आले. लेक एवढीशी असताना मी शेवटची बस आटपून घरी पोचायचो, तेव्हा ती कायम निजलेलीच असायची. पोर झोपी जाताना कसं दिसतं ते मी आज पहिल्यांदा बघितलं.

खिशात फोन थरथरत राहिला, घेतला नाही. त्यामुळे लेक घाबरून धावतच आली. मी खुर्चीत, नात खांद्यावर, हात केव्हाच बधिर झालेला. तिने दोघांकडे बघितलं, चपला काढल्या आणि हळूच म्हणाली, "बाबा, उद्या मी दुपारी येवचंय नाय. सांजच्या बशीन येतंय."