नाक मुरडून घेतलेला फ्लॅट

वस्तू कितीही आवडली तरी विकणाऱ्यासमोर तसं दाखवायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. वडील मंडईत वांगी घेतानासुद्धा आधी वांग्यांना नावं ठेवायचे आणि मग मुकाट पिशवी पुढे करायचे. मी त्यांच्यावर गेले आहे. त्यातून माझी जीभ मुळातच तिखट, त्यामुळे मला वेगळा अभिनय करावा लागत नाही.

कर्वेनगरातला तो तळमजल्यावरचा फ्लॅट मला पहिल्या मिनिटातच हवा होता. इमारत तीस वर्षांची, खोल्या दोनच, पण फाटकापासून दारापर्यंत मिळून एक बुटकी पायरी. आम्ही दोघी मायलेकी वारज्यात चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. तिथल्या लिफ्टवर ‘तात्पुरती बंद’ अशी पाटी होती आणि ती पाटीही आता पिवळी पडली होती. आईचे गुडघे गेलेले. सात महिन्यांत ती दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून उतरवलं. एरवी ती खिडकीशी बसायची आणि मला ऑफिसात फोन करून रस्त्यावर काय चाललंय ते सांगायची. मला ते ऐकवत नसे, म्हणून मी तिच्यावरच खेकसायचे.

फ्लॅटचे मालक म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका. मुलाने शहराच्या टोकाला, मांजरी गावात मोठं घर घेतलं होतं, तिकडे काका-काकू राहायला जाणार होते. काका घर दाखवू लागले आणि मी सुरू झाले. बेसिनचा नळ गळतोय. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. ओट्याखालचं दार लोंबतंय. काका माझ्यामागून चालत सगळं डायरीत लिहून घेत होते. मला वाटलं, चला, माणूस नरमला.

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

"सध्या एवढंच."

"सवडीने आठवलं तर फोन करा. आम्ही इथे तीस वर्षं राहतोय, आम्हाला एवढं दिसलं नव्हतं. आपली नजर चांगली आहे."

आठवड्याने मी किमतीचं बोलायला गेले, तर बेसिनवर चकचकीत नवा नळ. ओल गेलेली, खिडकी एका बोटाने लागतेय, ओट्याखालचं दार ताठ उभं. तरी मी घोडं दामटलंच, "काका, किमतीचं जरा बघा ना."

"कशाबद्दल? गळक्या नळाबद्दल?" काका शांतपणे म्हणाले. "तो आता गळत नाही."

मग मी भिंतींच्या रंगाला नावं ठेवून आले. माझी खोड, दुसरं काय. पुढच्या आठवड्यात भिंतींना रंग लागला आणि त्यानंतर काकांचा फोन आला. "आता आपण येऊ नका. हिचं जायचं रद्द झालंय."

मी तशीच धावत गेले. दार काकूंनी उघडलं. "या नळाचं मी यांना किती वर्षं सांगत होते, विचारा त्यांना," त्या म्हणाल्या. "शेवटी मीच कंटाळून मुलाकडे जायला तयार झाले. तुम्ही बाहेरच्या बाई, एकदा बोललात आणि सगळं झालं. आता घर राहण्यासारखं झाल्यावर मी जाऊ होय?"

कपाळ माझं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन मी आईसमोर भडाभडा सगळं ओकले आणि रडले. आई म्हणाली, "मला घेऊन चल."

पुन्हा शेजारी, पुन्हा खुर्ची, मग रिक्षा. वाटेत मी तिला दहा वेळा बजावलं, की तू गप्प बसायचं, घर चांगलं आहे असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. काठी टेकत ती स्वतः फाटकातून आत शिरली, ती पायरी चढली आणि दार उघडताच काकूंना म्हणाली, "किती छान घर आहे हो तुमचं!"

मी डोळे मिटून घेतले.

"हिलाही पहिल्या दिवसापासून आवडलंय. घरी येऊन रोज तेच बोलते. तुमच्यासमोर नाक मुरडते, ती हिच्या वडिलांची सवय. सात महिन्यांत आज पहिल्यांदा मी कुणाच्या तरी दारात माझ्या पायांनी आले. म्हणून म्हटलं, निदान बघून तरी जावं."

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"मांजरीच्या घरात नळ गळला तर?"

"त्याच दिवशी बघेन."

"लिहा."

काकांनी डायरी आणून लिहिलं, खाली सही केली. एक रुपया कमी झाला नाही आणि मीही त्यावर एक शब्द बोलले नाही. घर आमचं झालं.

राहायला आलो त्या दिवशी मी खोकी उघडत होते. आई कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी घेऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा काठी घेऊन निघाली, लिंबं आणायला. ती ठेवली आणि म्हणाली, जिरं राहिलं. तिसऱ्यांदा ती चपला घालायला लागली तेव्हा माझा पारा चढला. म्हटलं, "अगं, गुडघ्यांचं काय करून घेणार आहेस? सगळं एकदम आणता येत नाही का?"

"एकदम आणलं," आई म्हणाली, "तर परत कशाला जाऊ?"