जेवणाच्या वेळेला येणाऱ्या वकीलबाई

आमच्या वकीलबाईंना जेवायला बोलवावं लागत नसे. त्या आपणहून यायच्या, आणि नेमकी पानं वाढली जात असताना यायच्या. दारात चपला काढता काढताच "काय केलंय वहिनी आज? वास फार छान सुटलाय," असं म्हणत काळा कोट आमच्या खुंटीवर अडकवायच्या आणि खुशाल मांडी घालून पंगतीला बसायच्या. पहिल्या वेळी माझी आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "गो, ही वकील हाय का पंगतीची पाहुणी?" मी तिला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. वकिलाने घरी यावं तर कागद बघायला यावं. ह्या बाई तर जवळ्याची चटणी तिसऱ्यांदा मागत होत्या!

बाईंचं ऑफिस जुन्या पनवेलमध्ये, कोर्टाच्या जवळच, एका भांड्यांच्या दुकानावर होतं. वर जायला लोखंडी जिना, तोही भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा उभा. आणि बाईंकडे येणारी माणसं कोण, तर कुणाचा पाय अधू, कुणाला दिसत नाही, कुणाला झटका येऊन गेलेला. अपंगत्वाचा दाखला अडला, अनुदान नाकारलं, दाखल्यावरचे टक्के कमी पडले, की लोक बाईंकडे यायचे. ते खालूनच हाक मारायचे आणि बाई पदर खोचून खडखडत खाली उतरायच्या. मग दुकानाच्या पायरीवर, कळशा आणि कुकरांच्या शेजारी बसून सगळी हकिगत ऐकायच्या. दुकानदार बिचारा गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "बाई, जरा पातेली घेऊ का तुमच्या मागची?" तर त्याही न बघता मागच्या मागे पातेली काढून द्यायच्या. कॉटनची कडक इस्त्रीची साडी, मोजून मापून घातल्यासारख्या निऱ्या, आणि बसणं मात्र पायरीवर.

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते माझ्या वडिलांसाठी. वडिलांना आम्ही घरातले आणि सगळं गावही नानाच म्हणतं. आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या अंगाला. आजोबांची मिठागरं होती, ती गेली. मग नाना न्हावा शेवाच्या एका यार्डात ट्रेलरवर कंटेनर बांधायच्या कामावर लागले. एक दिवस कंटेनरचा दरवाजा सुटला आणि त्यांचा उजवा खांदा आणि पंजा दोन्ही कामातून गेले. हात राहिला, पण मुठीत काही धरता येईना. नोकरी गेली, ते एक वेळ चाललं असतं. पण सकाळपासून रात्रीपर्यंत गावभर फिरणारा, हळदीला पुढे, होळीला पुढे असणारा हा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. ते मात्र आमच्याने बघवेना.

तेवढ्यात बातमी लागली, की बाजारात दिव्यांगांना गाळे देणार आहेत. नाना पहिल्यांदाच उठून बसले. सुक्या मासळीतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, वासावरून बोंबील कुठल्या किनाऱ्याचा ते सांगतील. "अनुदान बिनुदान मना नको," ते म्हणाले, "गाला पायजे. तिथं चार मान्सं तरी भेटतील." पण गाळा असो की अनुदान, आधी दाखला हवा, आणि दाखल्यावर अपंगत्व निदान चाळीस टक्के हवं. त्याच्या खाली एक टक्का जरी आला तरी दाखला असून नसल्यासारखा.

आता त्या पहिल्या तपासणीची गंमत सांगते. गंमत आता वाटते, तेव्हा नव्हती. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या पुढे जायचं, म्हणून नानांनी आदल्या दिवशी केसांना कलप लावला. सकाळी आईने त्यांना पांढराशुभ्र शर्ट घातला, सगळी बटणं लावली, बुटांच्या नाड्या बांधल्या, गळ्यात साखळी घातली. माझ्या चुलत्याने अत्तर लावलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय काका?" नाना छाती काढून म्हणाले, "एकदम बरा हाय साहेब, तुमच्या आशीर्वादानी!" हात वर करा म्हटल्यावर दात-ओठ खाऊन त्यांनी हात वर केला. घामाने शर्ट भिजला, पण हात वर केला. काही त्रास होतो का? "नाय, तसा काय नाय." परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाहेर आल्यावर चुलत्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. नाना डॉक्टरांच्या बोर्डापुढे कसे ताठ उभे राहिले, ते गावात सगळ्यांना सांगून झालं. आणि मग दाखला आला. चाळीसच्या खाली.

बाईंनी हे सगळं पायरीवर बसून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "नाना, तुम्ही बोर्डापुढे गेला होतात की सोयरीक जमवायला?" चुलता फुरफुरला, डॉक्टरांच्या नावाने बोलायला लागला. बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. "डॉक्टरांना कशाला बोल लावता? त्यांनी जे बघितलं ते लिहिलं. तुम्ही दाखवलंच नाहीत, त्याला ते काय करणार?" मग नानांकडे वळून त्यांनी ते वाक्य सांगितलं, जे पुढे आमच्या घरात म्हणीसारखं झालं. "हे बघा, 'बरा आहे' हे रामरामाचं उत्तर आहे. डॉक्टरांच्या प्रश्नाचं नाही."

त्यानंतर त्या म्हणाल्या, "आता सकाळ सांगा." नानांना कळेना. "उठल्यापासून सांगा. पांघरूण कुठल्या हाताने काढलंत? नळ कसा उघडलात? पुढे सांगा." बाई प्रत्येक पक्षकाराला हेच विचारायच्या. "काय होत नाही?" असं विचारलं की माणूस एक तर लाजतो, नाहीतर फुगवून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. फुगवणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग. एकदा माझ्यासमोर एका गृहस्थाला म्हणाल्या, "दुखतं तेवढंच सांगा हो. वर पदरचं घातलंत तर खरं आहे तेही बुडेल." नानांची तऱ्हा उलटी. त्यांची सकाळ दोन वाक्यांत संपली. "उठलो. च्या पिलो." बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला पत्ता विचारला. दोन दिवसांनी त्या आमच्याकडे जेवायला हजर!

त्या दिवशी आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. बाई नानांच्या अगदी समोर बसल्या. जेवणाची तारीफ चालली होती, खाडीतल्या चिंबोऱ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या, नानाही खुलले होते. आणि मध्येच बाईंनी अगदी सहज विचारलं, "वहिनी, आमच्या सगळ्यांच्या ताटात अख्खी भाकरी. नानांच्याच ताटात तुकडे का?"

आमचे घास हातातच राहिले. खरं सांगते, मी त्याच घरात राहत होते, रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होते, आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आई आत चुलीपाशीच भाकरी मोडून आणायची. मासळीचे काटे आतच काढायची. नानांनी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. दोघांनी मिळून ते आमच्यापासून आणि बहुतेक एकमेकांपासूनही झाकून ठेवलं होतं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "त्यांना मोडाला येत नाय ओ बाई," ती म्हणाली, "पन त्यांना सांगाला लावू नका." नाना खाली मान घालून बसले. मला त्या क्षणी बाईंचा संताप आला. आमच्या घरात जेवून आमच्याच माणसाला असं उघडं पाडायचं?

बाईंनी मात्र ताटातून हात काढला नाही. "नाना, ह्यात लाजायचं काय आहे? तुमच्या हाताने काय गुन्हा केलाय?" त्या म्हणाल्या. "वहिनींनी इतके दिवस मोडली ही भाकरी. ती कागदावर यायला नको?" मग घास घेतला आणि आईला म्हणाल्या, "कालवण वाढा जरा. रडून खारट करू नका, आधीच बोंबील आहे." आई रडता रडता हसली आणि वाढायला उठली.

फेरतपासणीचा अर्ज बाईंनीच लिहिला. मोठे मोठे शब्द घालतील असं मला वाटलं होतं, पण त्यात नानांची सकाळच होती. बटणं, नाड्या, नळ, भाकरी. सोबत अपघाताच्या वेळचे दवाखान्याचे कागद, आणि मुठीची पकड तपासावी अशी विनंती. तारीख आली तेव्हा बाईंनी आईला बजावलं, "त्या दिवशी ह्यांना कुणी हात लावायचा नाही. जेवढं त्यांना जमेल तेवढं ते करतील, आणि तसेच येतील." आईला ते किती जड गेलं! नाना डाव्या हाताने बटणाशी झगडत होते आणि ती दाराआड उभी राहून स्वतःच्या बोटांशी चाळा करत होती. शेवटी नाना निघाले ते वरची दोन बटणं उघडी, एक चुकीच्या काजात, पायात चपला. कलप नाही, अत्तर नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली होती.

कागद सांभाळायला मी त्यांच्याबरोबर आत गेले. बाई बाहेर बाकावर बसल्या आणि अर्थातच त्यांनी डबा उघडला. आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "कसे आहात काका?" आणि आमचे नाना! सवयीने छाती पुढे आलीच. "एकदम ब..." इतकं बोलून ते थांबले. मी देवाचा धावा करत होते. नानांनी उघड्या बटणांकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मी सकाल सांगतो." आणि त्यांनी सांगितली. भाकरीचं सांगितलं. लेंग्याची नाडी बायकोला बांधावी लागते, हेही सांगितलं, आपल्या मुलीच्या देखत. एक अक्षरही त्यांनी वाढवून सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, पकड तपासली, खांदा तपासला, हात कुठपर्यंत जातो ते मापलं. ह्या वेळी नानांनी दात-ओठ खाल्ले नाहीत. हात जिथे थांबला तिथे थांबू दिला.

दाखला आला तो चाळीसच्या चांगला वर. पुढे दिव्यांगाचं कार्ड आलं, गाळ्याचा नंबर लागायला वेळ लागला, पण लागला. आता नाना रोज बाजारात बसतात. सोडे, जवळा, बोंबील, वाकट्या. डाव्या हाताने तागडी धरतात, आणि मासळी मोजण्यापेक्षा गप्पाच जास्त मारतात. बटणांचे शर्ट त्यांनी गावातल्या पोरांना वाटून टाकले. आता रंगीत टी-शर्ट घालतात. आई म्हणते, म्हातारपणी हिरो झालाय.

ह्या वर्षी बाईंचं ऑफिस बंद झालं. भांडीवाल्याने सांगितलं, झटका आला, उजवी बाजू अधू झाली, नवीन पनवेलला भाचीकडे असतात. मी फोन केला. "कशा आहात बाई?" "एकदम छान! काही काळजी करू नका. येऊ नका हं उन्हातान्हाचं, मीच येईन एकदा जेवायला." मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या जाव." मी विचारलं, कधी? नाना म्हणाले, "कधी म्हंजे? जेवाच्या टायमाला."

आम्ही न कळवता गेलो. आईने भाकऱ्या आणि सोड्याचं कालवण बांधून दिलं होतं. भाचीने दार उघडलं, आणि आतून बाईंची तारांबळ ऐकू आली, "अगं थांब, त्यांना बसव बाहेर, मी आवरते." पण नाना थेट आत. बाई टेबलाशी बसलेल्या, अंगात फुलाफुलांचा गाऊन, समोर कालवलेला भात आणि चमचा. त्यांना साडीशिवाय मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ओढणी ओढून घेतली आणि हसून म्हणाल्या, "या या नाना! मी अगदी बरी आहे."

नाना समोरची खुर्ची ओढून बसले. "बाई," ते म्हणाले, "तो रामरामाचा जवाब झाला. आता सकाल सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हातातला चमचा ताटात ठेवला. "निऱ्या येत नाहीत हो नाना मला," शेवटी त्या म्हणाल्या. "किती वेळा करून बघितलं. भाची नेसवते म्हणते, तर मी नको म्हणते. म्हणून कुणाला येऊ देत नाही." आणि आमच्या वकीलबाई, ज्यांनी अख्ख्या तालुक्याच्या सकाळी ऐकल्या, त्या लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांना बघून मीही रडले.

नानांनी त्यांना रडू दिलं. डाव्या हाताने डबा उघडला, भाकरी काढली, सगळ्यांच्या देखत एका हाताने जमतील तसे तिचे वेडेवाकडे तुकडे केले आणि बाईंच्या ताटात ठेवले.

"मग गाऊनवर बसा की," ते म्हणाले. "मी तरी कुठं बटनं लावून आलोय?"