रोखून धरलेला हात

हे म्या बायकोलाबी सांगितलं न्हाई. तुमाला काहून सांगून राहिलो — ते मलाच ठाव न्हाई.

सेनगावाकडं मला समदे 'दर्यावाले मामा' म्हंतात. आमच्या कयाधू नदीला उन्हाळ्यात म्हस बसायइतकं पाणी नसतं, अन् ह्यो गडी कोस्टगार्डात! तेबी बंदूकवाला न्हाई — स्वयपाकी. जहाज हाललं की वरणाआधी माझंच पोट उकळायचं. पोरं हासायची, म्या त्यांच्याहून जास्ती हासायचो.

कारगिलची लढाई लागली तवा आमी भर पावसाळ्यात दर्यावर पहाऱ्याला. एका दुपारी सदू — कोकणातला, माझा जोडीदार — लाटेसंगं जहाजावरून खाली गेला. म्या खरकटं टाकाय कठड्यापाशी उभा. म्याच पयला वरडलो.

जहाजावर एक रीत असती. माणूस पडताना ज्यानं पाह्यला, त्यानं त्याच्याकडं हात रोखून उभं ऱ्हायचं. नजर हालवायची न्हाई. लाटांत डोकं दिसणार केवढं? नारळाएवढं. जहाज वळवणारा पाण्याकडं बगत न्हाई — त्या हाताकडं बगतो.

"कुक, हाथ मत हिलाना!" साहेब वरून वरडला.

म्या हात रोखला. सदू बराबर दिसून राहिला व्हता. मंग एक लाट आली, घरावर घर रचल्यावानी — अन् म्या डोळे झाकले. भेवानं. उघडले, तर पाणीच पाणी. समदं सारखंच.

तवाच वरडायचं व्हतं ना — 'दिसून न्हाई राहिला' म्हणून? त्यांनी शोधायची दुसरी तऱ्हा धरली असती. काहून न्हाई वरडलो? जहाजावर पयल्यांदाच समदे माझ्याकडं बगून राहिले व्हते, अन् कोणी हासत नव्हतं. तेवढ्यापायी. म्या हात तसाच ताठ ठेवला — रिकाम्या पाण्याकडं. जहाज तिकडंच गेलं.

सदू घावला न्हाई.

साहेबानं पाठ थोपटली. आता शाळेत झेंड्याला बलावतात. गुर्जी म्हंतात, "मामा, त्यो हात दाखवा!" म्या दाखवतो. पोरं टाळ्या पिटतात. जन्मात लई सोंगं केली म्या. हेच एक कोणाला वळखू आलं न्हाई.

सदूची माय अजून फोन करती. परवाबी केला. "तुझो हात खाली नाय इलो, झिला." झिला म्हंजी लेकरा. म्या म्हणलं, "व्हय, माय."

अन् अजून एक — हे तर म्या माझ्याशीबी बोलत न्हाई. डोळे झाकायच्या आधी सदूनं मला पाह्यलं व्हतं. माझा हात त्याच्याकडं रोखलेला बगून त्यानंबी हात वर केला व्हता. म्हंजी त्याला रीत ठाव व्हती. जहाज वळताना त्यो पाण्यातून माझा हातच बगत असंल — ताठ, जरा न हालणारा, अन् भलतीकडंच.