ओठांचा रंग

इंदापूरवाल्याचं चित्र पास आणि माझं नापास, हे मला मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी भिगवणला एका हॉटेलच्या भिंतीवर मासा रंगवत होतो. त्या दिवशी माशाचं शेपूट काढायचीसुद्धा इच्छा राहिली नाही. मालकाला म्हटलं, उद्या येतो, आणि ब्रश धुऊन बारामतीला घरी आलो.

हा इंदापूरवाला आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेलेल्या माणसांची तैलचित्रं, हा उस्तादांचा धंदा. घरातलं माणूस गेलं की लोक कुणाच्या तरी लग्नातला बारका फोटो घेऊन यायचे. आम्ही त्याला कोट घालायचा, फेटा बांधायचा, रंग उजळायचा, गालावर गुलाबी फिरवायचा. अगदी शेवटी डोळ्यात पांढरा ठिपका. “ठिपका पडला की माणूस उठून बसतो,” असं उस्ताद म्हणायचे. माझा ठिपका म्हणजे काय सांगावं! बायका चित्र बघून रडता रडता म्हणायच्या, “आत्ता बोलत्याल बघा!” आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

इंदापूरवाला मात्र दिसेल तसं काढायचा. काळा तर काळा, मस तर मस. एका बागायतदाराच्या पोरांनी चित्र त्याच्या दारात आणून टाकलं. “आमचा आबा काय आजारी हुता व्हय?” म्हणाले. आता आजारी होताच की म्हातारा! पण ते गिऱ्हाईक माझ्याकडं आलं आणि मी आठवडाभर हसत होतो. पुढं फ्लेक्स आले, दोघांचाही धंदा बसला. तरी आमच्यात उजवा कोण, हे ठरलेलं होतं. निदान माझ्यापुरतं तरी.

अशात मेडिकल कॉलेजातल्या त्या बाईंचा निरोप दोघांनाही आला. त्यांनी कॉम्प्युटरवर जुनी चित्रं दाखवली. शंभरेक वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या मुलखात मोठी लढाई झाली, तिच्यात विषारी वायू सोडले. खंदकातली पोरं पाण्याबाहेरच्या माशागत तडफडली. तेव्हाच्या साध्या कॅमेऱ्यात रंग येत नव्हता, म्हणून दवाखान्यात खाटेशेजारी चित्रकार बसवले. कोणत्या वायूनं चेहरा निळा पडतो, कोणत्यानं राखेसारखा होतो, फुप्फुस कसं सुजतं, सगळं जलरंगात. बाईंना त्यांच्या मोठ्या नकला हातानं काढून हव्या होत्या. “मोबाईलवर पोरं बघतात आणि बोटानं पुढं सरकवतात. हातानं काढलेल्या चित्रापुढं थांबतात,” त्या म्हणाल्या. आधी दोघांनी एकच चेहरा काढून आणायचा, ज्याचा चांगला त्याला सगळं काम.

मला ते काम हवं होतं. आयुष्यभर रंगवलेल्या माझ्या भिंती लोकांनी चुना मारून पुसल्या. कॉलेजची भिंत कोण पुसणार? तिथं माझा हात राहिला असता.

चेहरा होता एका कोवळ्या शिपायाचा. उशीवर कलंडलेला, ओठ जांभळे, कान निळे. मी जीव ओतून काढला. तो फोन आल्यावर चित्र परत आणायला गेलो, तेव्हा बाईंनी ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, “काका, हात फार सुरेख आहे तुमचा. पण हा पोरगा उद्या बरा होऊन घरी जाईल. माझ्या मुलांना मरणारा माणूस ओळखता आला पाहिजे.” मी पाहिलं. मूळ चित्र समोर ठेवून काढलं होतं, तरी गालावर गुलाबी आलेलं, आणि मेल्या डोळ्यात पांढरा ठिपका! हातानं त्याचं काम केलं होतं, मला विचारलंसुद्धा नव्हतं.

ज्या खोडीपायी इंदापूरवाल्याची गिऱ्हाइकं गेली, तीच आता त्याची कला ठरली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या महिन्यात तो पूर्ण झालेलं चित्र घेऊन एस्टीनं बारामतीला आला आणि कॉलेजात जाण्याआधी माझ्याच घरी चहाला टेकला. मुद्दाम, दुसरं काय! कागद सोडून दाखवायला लागला. मी मान वळवली. पण माझी आई उठली आणि भिंतीला धरत चित्रापाशी आली.

माझा बाप लोणी भापकरजवळच्या एका गुऱ्हाळावर चुलवणाच्या जाळात उसाची चिपाडं सारायचा. सगळा जन्म धुरात गेला. शेवटी छातीत हवाच मावेना. त्याचं चित्र मी काढलंय, कोट-फेट्यातलं, आमच्या भिंतीवर आहे. आईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, मग त्या परक्या शिपायाकडं, आणि पदर तोंडाला लावला.

“ह्ये असंच दिसत हुतं,” ती म्हणाली. “भितीवरचा सायब मला न्हाय वळखू येत. ह्यांनी कवा कोट घातलाय?” मग त्याला म्हणाली, “बाबा, तू काढ की ह्यांचं चित्र.”

सख्खी आई! मी तिथंच बसलो होतो.

तो काढायला आला त्या दुपारी मी बाहेर जाणार होतो, गेलो नाही. आई सांगत होती, तो काढत होता. बाज, गोधडी, अंगात बंडी, डोकं उघडं, डोळे अर्धवट. बाप दिसायला लागला आणि मला तिथं बसवेना. ओठांपाशी त्याचा ब्रश थांबला.

“कसा रंग हुता वठांचा?” त्यानं विचारलं.

आईला पुरतं आठवेना. ती माझ्याकडं बघायला लागली, कारण शेवटी बापाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला तो रंग पक्का ठाऊक होता. माझ्याच्यानं राहवेना. भिंत घेतली, आई घेतली, आता बापाचे ओठपण ह्याला देऊ? मी ब्रश त्याच्या हातातून हिसकावला. निळा घेतला, थोडा लाल, चिमूटभर काळा, आणि लावला. तो बाजूला सरकला.

मग सवयीनं हात पांढऱ्या रंगाकडं गेला. ब्रश डोळ्यापाशी आणला तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

“ठिपका नगं,” ती म्हणाली. “गेल्यात त्ये.”

मी ब्रश पाण्यात टाकला. खाली सही त्यानंच केली, ते चित्र त्याचंच होतं. पण घरात कुणी आलं आणि त्याच्यापुढं थांबलं, की मी सांगतो, ओठ माझे आहेत.