झोपलेलं बाळ उठवणाऱ्या राजमती सिस्टर

राजमती सिस्टरनी कुठल्याही बाळाला कधी ‘गुटगुटीत’ म्हटलं नाही. आज्या हौसेनं बाळ पुढे धरायच्या, “बघा की सिस्टर, कसा लोण्याचा गोळा हाय!” सिस्टर हसायच्या नाहीत. “प्यालं कवा?” एवढंच विचारायच्या. उत्तर नीट आलं नाही, की तळपायाला टिचकी मारून गाढ झोपलेलं बाळ जागं करायच्या. बाळ भोकाड पसरायचं, आज्या चिडायच्या. “कसाई हाय बाई,” असं एकीनं माझ्यासमोर म्हटलं होतं.

मी सांगलीच्या त्या इस्पितळात आले ती नवजात बाळांच्या चरबीवर अभ्यास करायला. बाळ जन्मलं की नाळेतलं थोडं रक्त घ्यायचं, चरबीतून स्रवणारी संप्रेरकं त्यात मोजायची आणि सहा महिने बाळ कसं वाढतं ते बघायचं. मदतीला सिस्टर होत्या. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, अंगानं काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्याच दिवशी मी चिमट्यानं बाळाच्या मांडीची जाडी मोजायला गेले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “डॉक्टरबाई, कातडं हाय ते, कापड न्हवं. आदी हात ऊन करा.”

मी त्यांना उत्साहानं त्या संप्रेरकांतलं लेप्टिन समजावलं. चरबी त्याच्याकरवी मेंदूला निरोप धाडते, की साठा भरपूर आहे, आता भूक आवर. बारीक बाळांत ते कमी असतं, म्हणून ती हपापून पितात आणि भराभर वाढतात, असं म्हणतात. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “निरोपाचं ऱ्हाऊ द्या. पोटात खरंच कायतरी गेलंय का, ते कोण बघतंय?”

एका दुपारी तासगावकडच्या एका बाईला सव्वाचार किलोचा मुलगा झाला. बाईला साखरेचा आजार होता, पण केसपेपरवर त्याची नोंद नव्हती. सगळा वॉर्ड बाळाचं कौतुक करत होता आणि सिस्टर त्याच्या टाचेतून रक्त घेत होत्या. साखर पार खाली गेली होती. धावपळ झाली, बाळ वाचलं. सगळं निवल्यावर मी विचारलं, “सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या हातनं एक गेलंय,” त्या म्हणाल्या.

तेहतीस वर्षांपूर्वी त्या विट्याकडच्या एका लहान दवाखान्यात होत्या. म्हसवडकडची हौसाबाई नावाची बाई बाळंत झाली. घरचे मेंढरं घेऊन खाली कोकणात गेलेले, सोबतीला कुणी नाही. मुलगा चार किलो दोनशे. आईची साखर कुणी तपासलीच नव्हती. असं बाळ पोटात असताना आईची जास्तीची साखर पचवायची सवय लावून घेतं. नाळ कापली की साखर थांबते, सवय थांबत नाही. अंगावरची चरबी तेव्हा कामाला येत नाही. आज हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. तेव्हा सिस्टर बावीस वर्षांच्या होत्या. “मी म्हणाले, झोपू द्या, राजा हाय, पोट भरलंय त्येचं. जेवून आले तर बाळ गार.”

कुणी त्यांना बोल लावला नाही. हौसाबाईनं फक्त एवढंच म्हटलं, “तुमी म्हणाला व्हता, झोपू द्या.”

अभ्यासातल्या बाळांपैकी एक मुलगी म्हसवडची होती. सहा महिन्यांचं वजन घ्यायला इतक्या लांब जायला कुणी तयार नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, मी येते. वजनाचं काम अर्ध्या तासात झालं. मग त्यांनी त्या घरच्यांना हौसाबाईच्या वस्तीची वाट विचारली, तेव्हा त्या कशासाठी आल्या होत्या ते मला कळलं.

हौसाबाई अंगणात लोकर निवडत होती. सिस्टरनी ओळख दिली. मी गाडीत थांबते म्हणून मागे फिरले, पण चप्पल तुटली आणि कुडाच्या आड बसून ती बांधताना सगळं ऐकू आलं.

“तुमच्या बाळाला उठवाय पायजे व्हतं,” सिस्टर म्हणाल्या. “मी चुकले. इतकी वर्सं सांगायचं धाडस झालं न्हाई.”

 मग हौसाबाईचा आवाज आला, “आवं बाई, तुमी जेवाय गेला तवा त्ये कुरकुरलं व्हतं. बारीक, मांजरावानी. टाकं लय दुखत व्हतं. मला उठवंना. मी म्हनलं, सिस्टर म्हणाल्यात न्हवं, झोपू दे. ह्ये मी मालकालाबी सांगितलं न्हाई.”

परतताना मायणी गाव मागे पडलं. मी धीर करून म्हटलं, “आता मन हलकं झालं असेल.” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “तिनं सोताला माफ केलं न्हाई, डॉक्टरबाई. मला कुठनं करंल? मला वाटायचं मी एकटीच जागी हाय. ती बी जागीच हाय.”

त्यानंतर त्या दोघी फोनवर बोलायच्या. काय बोलत, ते सिस्टरनी कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, हृदयविकारानं सिस्टर गेल्या. सांगलीला अंत्ययात्रेत त्यांनी टिचकी मारून उठवलेल्या कितीतरी पोरांच्या आया होत्या. घरच्यांनी मला म्हसवडला कळवायला सांगितलं.

हौसाबाईनं फोनवर ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, “आमचं एक बाळ व्हतं. तुमास्नी ठावं न्हाई. त्येचं नावबी ठेवलं नव्हतं. सिस्टर फोनवर इचारायच्या, हौसाक्का, आवंदा किती वर्साचा झाला असता? आमी दोघी मोजायचो. त्येला हातात घेतल्याल्या आमी दोघीच व्हतो, बाई. आता मी एकटीच.”

मला ठावं आहे, हे मला तिला सांगता आलं नाही.