तारेची दोन टोकं

घोडपदेवच्या लवू घाडीगावकरांनी गिरणीत कापड विणायचे साचे सांभाळले. त्यांची मुलगी सुचित्रा परळच्या एका इस्पितळात संगणकांचं जाळं सांभाळते. त्या जाळ्यात तीन कंपन्यांची यंत्रं, आणि प्रत्येकीची बोली निराळी. तीच गोष्ट एक कंपनी शब्दांत सांगे, दुसरी आकड्यांत, तिसरी विचारल्याशिवाय सांगतच नसे. सुचित्राने वर्षभर खपून सगळ्यांसाठी एकच नमुना बसवला. नावं तीच, मापं तीच, सगळं एका पडद्यावर.

"चाललंय ना नीट? मग कशाला हात लावतेस?" तिचे साहेब वीरेंद्र कोठारे म्हणाले होते. तरी चाचणीपुरती परवानगी त्यांनी दिली.

मंगळवारी सकाळी अकराला अतिदक्षता विभागातून दीपिका सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सगळ्या पेशंटचे ठोके दाखवणारा आमच्या टेबलावरचा स्क्रीन सारखा गोठतोय. बारा पेशंट आहेत. प्रत्येक खाटेशी माणूस उभा केलाय, पण किती वेळ?"

तिन्ही कंपन्यांचे पडदे हिरवेगार होते, म्हणजे त्यांच्या मते बिघाड कुठेच नव्हता.

"तुझंच ते नवीन असणार," कोठारे कडाडले. "यंत्रांना सारखं विचारत बसतं. आधी बंद कर!"

"सर, दोन मिनिटं द्या."

"तिथे माणसं आहेत, सुचित्रा!"

"म्हणूनच मागतेय."

नमुन्यात प्रत्येक तारेची दोन्ही टोकं तिने शेजारी शेजारी मांडली होती. ती एकेक जोडी वाचत खाली उतरली आणि एका ठिकाणी थबकली. तारेचं एक टोक म्हणत होतं, दोघांनी एकाच वेळी बोलायचं. दुसरं म्हणत होतं, आळीपाळीने. आपापल्या कंपनीच्या पडद्यावर दोन्ही टोकं ठणठणीत, आणि मधल्या मध्ये माहिती आपटून फुकट जात होती.

दुसऱ्या टोकाची मांडणी सकाळी नऊ चाळीसला बदललेली. बदलणाऱ्याचं नाव, वीरेंद्र कोठारे.

तिने ते मोठ्याने वाचलं नाही. पडदा त्यांच्याकडे वळवला. "सर, तुम्हीच बघा."

कोठारेंचा चेहरा उतरला. "जुनं यंत्र काढून नवं लावलं मी..." खुर्ची ओढून त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली.

फोन वाजला. "आलं, मॅडम! बाराही दिसतायत."

संध्याकाळच्या अहवालात कोठारेंनी लिहिलं, "चूक माझी. सुचित्रामुळे सापडली." ते वाचून ती नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा त्या विभागात गेली आणि काचेबाहेरून बाराही खाटांवरची माणसं एकेक करून बघत राहिली.