सुप्रभातच्या फुलांखाली दबलेला मजकूर

मंडईतली ढोलकी कानावर पडली की ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की मी आधी एक मोठा श्वास सोडतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एवढा घाबरलो होतो तो त्याच दिवशी, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

मी तेव्हा चोरखमारा तलावाच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झालेली, धानाची कापणी सुरू, आणि आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत याच दिवसांत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात आणि दुपारी दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं. त्यात बाईचं काम पुरुषच करतो, लुगडं नेसून.

सकाळी हजेरी आटोपून मी डायरी लिहीत होतो. तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. त्याच्या गावात त्याच दिवशी मंडई होती.

"साहेब, पोरं काठ्या घेऊन बसून राहिलीत. मोबाईलवर बातमी आली म्हणतात, लेकरं पळवणाऱ्याची."

हवालदाराने बातमी काढून दाखवली. आमच्या तालुक्याच्या गावातून एकजण बातम्यांची वेबसाइट चालवायचा. तिच्यावर एक सदर होतं, वाचकांनी पाठवलेल्या बातम्यांचं. त्यात फोटो होता. दरेकसा स्टेशनचा फलाट, लुगड्यातला एक दणकट माणूस, तोंडाला रंग, खांद्यावर झोपलेली तीनेक वर्षांची मुलगी. वर मथळा, 'सावधान! बाईच्या वेशात मुलं पळवणारा गोंदियाकडे रवाना'.

मी पहिल्यांदा हरवलेल्यांचं रजिस्टर उघडलं, मग शेजारच्या ठाण्यांना आणि नियंत्रण कक्षाला विचारलं. कुठेही मूल हरवल्याची नोंद नव्हती. मूल पळवलं म्हणणारे शंभर आणि माझं मूल गेलं म्हणणारा एकही नाही, तेव्हा पोलिसाने चोर नंतर शोधावा, आधी ओरड कुठून उठली ते पाहावं. हे मी अनुभवाने शिकलोय.

संपादकाला फोन लावला तर उचलेना. गेलो थेट. बसस्टँडसमोर किराणा दुकानाच्या वर एक खोली, एक संगणक, आणि हा गडी चहात टोस्ट बुडवून बसलेला.

"बातमी उतरव," मी म्हटलं.

"उतरवतो साहेब. पण लोगों ने तो आगे भेज दी ना, आता काय फायदा?"

"पाठवली कोणी?"

"सोर्स आहे साहेब. नाम कैसे बताऊँ?"

माझं डोकं सणकलं. "नोटीस देऊ? ठाण्यात बसवू? तिकडे माणूस मेला तर तुझा सोर्स खांदा द्यायला येणार आहे का?"

टोस्ट चहात पडला. त्याने मोबाईल पुढे केला.

त्याची कामाची पद्धत अशी. वाचकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, दोन-अडीचशे माणसं. कोणी फोटो टाकायचा, कोणी मजकूर. हा सकाळी उठून फोटो आणि त्याच्या खालचा मजकूर उचलायचा, जोडायचा, वर आपला मथळा चढवायचा आणि छापून मोकळा व्हायचा. पाठवणाऱ्याला फोन वगैरे काही नाही. मी म्हटलं, दाखव. त्याने दाखवलं. फोटो होता, लगेच खाली मजकूर होता, 'बाईच्या वेशात मुलं पळवणारे फिरत आहेत, सावध राहा'. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. फोटोवरचा नंबर वेगळा, मजकुरावरचा वेगळा.

"अरे शहाण्या, ही दोन माणसं आहेत."

त्याने दोन्ही नंबर ताडून पाहिले. मजकूरवाल्याला फोन लावला तर म्हणाला, मला साळ्याने पाठवलं, मी पुढे ढकललं, फोटो-बिटो मला माहीत नाही. फोटोवाल्याचा नंबर लागेना. दरेकशाला डोंगर आणि जंगल, तिथे मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. शेवटी तिथल्या रेल्वे स्टेशनवर फोन करून तो नंबर कोणाचा ते विचारलं. तो फलाटावरच्या चहावालीचा निघाला. तिला बोलावून आणलं आणि मी तिची चौकशी फोनवरच सुरू केली.

"बाई, तो फोटो तुम्ही काढला?"

"हो, म्याच काढला. कायले?"

"त्यातला माणूस कोण?"

"माया भाचा होय. दंडारीत नाचते. मंडईले जाऊन राहिला होता. लुगडं म्याच नेसवलं त्याले. तिकडं बदलाले जागा नसते, मंग घरूनच तयार होऊन जाते तो."

"आणि मुलगी?"

"त्याचीच पोरगी. माय धान कापाले गेली, लेकरू कोणाजवळ ठेवन तो? काऊन विचारून राहिले तुमी असं? म्या लिवून धाडलं ना सारं."

"काही लिहिलेलं नाही, बाई."

"धाडलं म्हणते ना! फोटो गेला, लिवलेलं गोल-गोल फिरत राहिलं. मंग पाण्याच्या टाकीवर चढून धाडलं."

मी ग्रुप खाली सरकवत गेलो. कमळ, गुलाब, उगवता सूर्य, सुविचार, पुन्हा गुलाब. चाळीसेक सुप्रभातांच्या खाली, फोटोनंतर तासाभराने आलेला तिचा मजकूर सापडला, 'हा माया भाचा. दंडारीले चालला. संगं त्याची पोरगी. फोटो चांगला आला असन तर छापजा.'

संपादकाने तो मजकूर दोनदा वाचला. आणि तेवढ्यात पोलीस पाटलाचा दुसरा फोन आला.

"साहेब, तो आला. लोकायनं धरला. सोडवाले गेला तर त्याच्या ढोलकीवाल्याले मारलं. बाप-लेकीले म्या ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. दार किती टिकन, सांगता येत नाही."

मी बाईला म्हटलं, नंतर बोलतो. तिला काही सांगितलं नाही. तिचीच हौस तिच्या भाच्याच्या जिवावर उठली होती, हे फोनवर कसं सांगणार?

संपादकाला जीपमध्ये बसवलं, सोबत चार शिपाई. रस्त्यात धानाच्या गाड्या आडव्या येत होत्या. माझ्या डोक्यात एकच, ते दार. पोचायला चाळीस मिनिटं लागली.

मैदानात दुकानं तशीच, पण माणसं सगळी ग्रामपंचायतीसमोर. दाराची एक फळी निघालेली. पोलीस पाटील, साठीचा माणूस, दाराला पाठ लावून उभा होता. मला पाहून त्याने पाठ सरळ केली. शिपायांनी दार घेरलं. मी मोठ्याने म्हटलं, मूल त्याचंच आहे.

"आम्हीबी आयकलं, पोरगी बाबा म्हणते," एकजण ओरडला. "शिकवून ठेवलं असन तिले."

घाबरलेल्या गर्दीला पोलिसाचं खरं वाटत नाही. मोबाईलचं वाटतं. म्हणून मी संपादकाला दंडारीच्या मांडवात नेऊन माईकसमोर उभं केलं. गडी सरळ बोलला. "ही बातमी मी छापली. गलती मेरी है. एकाचा फोटो, दुसऱ्याचा मजकूर, मी न विचारता जोडला." मग त्याने चहावालीचा मजकूर वाचून दाखवला, शेवटच्या 'छापजा'पर्यंत.

मग मागून एक म्हातारी पुढे आली आणि पोलीस पाटलाला म्हणाली, "पोरगी जेवली का सकाळपासून?"

तिथे गर्दी मोडली. काठ्या कुठे गेल्या कळलंच नाही. कुलूप काढलं. तो कोपऱ्यात बसला होता, लुगड्याचा पदर फाटलेला, मुलीला त्याच पदराखाली घेतलेलं. माईकवरचं सगळं त्याने आतून ऐकलं होतं. पहिलं वाक्य बोलला ते हे, "साहेब, मावशीले नका सांगू. ती जीवाले लावून घेईन." मी तोंड फिरवलं. माझे डोळे भरून आले होते, दुसरं काय?

बायांनी मुलीला वरण-भात भरवला. एकीने आपलं लुगडं आणून दिलं. मी त्याला म्हटलं, घरी सोडतो. तो म्हणाला, "नाचून जातो साहेब. नाही तर भेव अंगात राहीन." दुपार कलली तेव्हा दंडार सुरू झाली. मी बंदोबस्ताच्या नावाखाली शेवटपर्यंत बसलो.

ढोलकीवाल्याला मारणाऱ्या दोघांवर गुन्हा नोंदवला. संपादकाचा जबाब घेतला आणि त्याची वेबसाइट चार दिवस बंद राहिली. ती त्यानेच ठेवली.

उभी हयात मी खोटं बोलणाऱ्यांना पकडण्यात घालवली. त्या दिवशी फोटो खरा होता, चहावाली खरी होती, संपादकाच्या मनात पाप नव्हतं, आणि मजकूरवाल्याला सावधगिरीच वाटत होती. तरी एक बाप मरता मरता वाचला. कोणीतरी एक फोन करून विचारायचं राहिलं होतं, बस्स.

निवृत्त झाल्यापासून मी संपादकाच्या त्याच खोलीत रोज सकाळी दोन तास बसतो. वाचकांचं आलेलं मी पाहतो. फोटो कोणी काढला, कधी, आणि यात कोण आहे, हे फोन करून विचारल्याशिवाय वेबसाइटवर काही चढत नाही. संपादक कुरकुरतो, "अंकल, दुसरे लोग पहले डाल देते हैं." टाकू देत.

परवाच्या मंडईला दरेकशाहून फोटो आला, मजकुराविना. आता नवेक वर्षांची झालेली एक मुलगी फलाटावर बसून बापाच्या लुगड्याच्या निऱ्या बसवते आहे. मी स्टेशनवर फोन करून चहावालीला बोलावलं.

"बाई, फोटोत कोण आहे?"

"तुमाले वळखू नाही येत? पोलिसात होते ना तुमी?"

ओळखलं होतं. तरी विचारलं. तिने दोघांची नावं सांगितली, मी ती लिहून घेतली, आणि मग छापलं.